पाच थेंब

सकाळपासून तिसऱ्यांदा ज्योत्स्नाने पोरीच्या लंगोटीत हात घातला, आणि तिसऱ्यांदाही तो कोरडाच बाहेर आला. सतरा दिवसांची पोर. काल दिवसभरात दोनदा ओली झाली होती, रात्रीतून एकदा. आता ऊन ओट्यावर चढलं होतं आणि फडकं अजून तसंच, घडी घातल्यासारखं.

"झाली का?" आतून बाजेवरून रुख्मिणीने विचारलं.

"नाही, आत्याबाई."

"पाज मंग."

"पाजलं. दोनदा ओढते अन् सोडून देते. आता तं रडतही नाही धड."

आतून पुढं काही आलं नाही. सासू गप्प झाली की ज्योत्स्नाला भीती वाटायची. ही बाई बोलून बोलून घर चालवणारी. काल सकाळी विहिरीतून वर येताना भिंतीतल्या तिसऱ्या पायट्यावरून घसरली, घागरीएवढ्या भरल्या गुंडासकट खाली गेली. चौघींनी खाटेवर घालून घरी आणली. मांडीपासून गुडघ्यापर्यंत पाय सुजून खांबासारखा झालेला. हाडवैद्याने कामट्या बांधल्या आणि हलायचं नाही म्हणून सांगितलं. तेवढ्यातही रुख्मिणी विचारत होती, "गुंड फुटला नाही ना वं?" गुंड पितळेचा. फुटला नव्हता, नुसता चेपला होता. पाणी मात्र सगळं परत विहिरीत.

सकाळी दवाखान्याची आशाताई येऊन गेली होती. निकिता नाव, मेडशीची, स्कूटीवर यायची. तिने पोरीच्या टाळूवर बोट ठेवलं आणि तोंडावरचं हसू आवरून घेतलं.

"वहिनी, टाळू खाली चालली हिची. तुमी पाणी पेता ना?"

"पेतो."

"किती?"

ज्योत्स्नाने चुलीजवळच्या तांब्याकडं पाहिलं. निकितानेही पाहिलं.

"तुमच्या आंगात नाही तं तिले कुठून येईन? पोटभर प्या. सांजेपावतर लंगोटी ओली नाही झाली तं मालेगावच्या दवाखान्यात न्या लागीन. फोन करजा मले, मी गाडी पाहातो."

पोटभर. तो शब्द ती गेल्यावरही घरात फिरत राहिला.

टँकर यायचा तो खालच्या विहिरीत रिकामा व्हायचा, मग बायका तेच पाणी ओढायच्या. चार दिवस झाले, तो आला नव्हता. कुणी म्हणत डिझेल नाही, कुणी म्हणत डायवर लग्नाला गेला. जारवाला लग्नसराईत या खेड्याकडं फिरकत नव्हता. नवरा, विकास, पुण्याकडं बांधकामावर. आई पडली म्हणून कळवलं तेव्हा तो फोनवर म्हणाला, "परवा निघतो." म्हणजे पोचायला आणखी दोन दिवस. शेजारच्या भुरीबाईने काल दोन तांबे दिले होते. आज तिचं दार पुढं लोटलेलं होतं, कडी न लावता. आत बांगड्या वाजत होत्या. ज्योत्स्ना दारापर्यंत गेली आणि तशीच फिरली.

अंगणात नळाची तोटी होती. निळा पाइप, सिमेंटचा ओटा, सगळं नीट. दोन वर्षांपूर्वी बसवला तेव्हा त्यातून फुसकन हवा सुटली होती, तेवढीच. आता त्याला शेळी बांधलेली असायची.

राहिली विहीर. पण ज्योत्स्ना बाळंतीण.

त्या गावात विहीर पुजल्याशिवाय बाळंतिणीचं पाऊल तिच्यावर पडत नसे. पडलं तर झरा आटतो, असं मानत. ज्या वर्षी विहीर तुडुंब असेल त्या वर्षी कुणी एवढं मनावर घेत नसे, पण यंदा झरा सुतळीएवढा उरलेला. यंदा कोण धोका घेणार? सव्वा महिना झाला की हळदकुंकू, पाच गोटे, गव्हाच्या घुगऱ्या घेऊन जायचं, विहिरीच्या काठावर छातीचं दूध पाच थेंब द्यायचं. विहिरीनं आजवर पाजलं, आता तिला आपण पाजायचं. ते झालं की बाई मोकळी.

"आजच पूज," रुख्मिणी आतून म्हणाली.

ज्योत्स्ना पोरीला घेऊन उंबऱ्यात आली. सासू छताकडं पाहत पडलेली, कपाळावर घामाची मिठासारखी पांढरी रेघ.

"आत्याबाई, सत्रावा दिवस हाय."

"मले मोजता येते. माह्या सासूनं एकविसाव्याले पुजली होती. तूरकापणी निघालती म्हून. आपण सत्राव्याले पुजू. काय, विहीर कॅलेंडर पाह्यते का?"

हे रुख्मिणीने म्हणावं! पंधरा दिवस तिने सुनेला रांजणाला हात लावू दिला नव्हता, खिडकीतून पाणवठ्याकडं पाहूही दिलं नव्हतं. स्वतः पहाटे चारला गुंड घेऊन जायची, दहाला यायची. विहिरीचे नियम तिच्याइतके कुणालाच पाठ नव्हते.

"पुजली की पहिला भरणा पुजणारीचा," रुख्मिणी म्हणाली. "रांगीत किती का गुंड असेना. तो रिवाज कोनी मोडत नाही. एक गुंड भेटते तुले. डब्यात गहू हाय, वाटीभर घे."

"अन् पाणी?"

"तांब्यात हाय ना."

घरात पाणी म्हणून तेवढंच होतं. अर्ध्या तांब्याहून थोडं जास्त. ज्योत्स्नाने तो उचलला, हलवून पाहिला, परत ठेवला.

"हे तुमाले ठेवतो."

"मले तहान नाही," रुख्मिणी म्हणाली. जीभ टाळूला चिकटून शब्द तुटत होते. "घुगऱ्याबिगर गेली तं बाया काठावर चढू देनार नाहीत. टाक सगळं."

गहू चुलीवर चढले. तुराट्यांचा जाळ भसाभसा लागला. ज्योत्स्ना समोर बसून पाहत होती. पाण्याला बुडबुडे आले, वाफ झाली, गव्हाचा एकेक दाणा फुगून फाटला. थोडं उरेल, निथळून घेता येईल, असं तिला वाटलं होतं. तिने पळी घातली. गव्हाने सगळं पिऊन टाकलं होतं.

तेवढ्यात पोर कुरकुरली. ज्योत्स्नाने सवयीने पदर सारला.

"नको पाजू," रुख्मिणी म्हणाली.

ज्योत्स्नाचा हात थांबला.

"आता पाजलं तं काठावर काय देशीन? पाच थेंब लागते. मोजून घेते."

"आत्याबाई, ही सकाळपासून—"

"मले समजत नाही का? दे इकडं."

तिने पोरीला कुशीत घेतलं आणि आपल्या बोटाचं पेर तिच्या तोंडात दिलं. पोर त्या सुरकुतलेल्या बोटाला चोखायला लागली, नेटाने, विश्वासाने. ज्योत्स्नाला ते पाहवेना. तिने पदर घट्ट खोचला, आत जे काही असेल ते सांडू नये म्हणून.

"मोजते कोन?" तिने विचारलं.

"जिचा गुंड रांगीत पहिला, ती." रुख्मिणी म्हणाली. "आज कोनाचा हाय?"

"भुरीबाई कोनाले तरी सांगे, भागिरथाकाकूचा. पहाटेपासून बसली हाय."

रुख्मिणीचे डोळे छतावरून खाली आले. तिने भिंतीकडं तोंड केलं.

"दुसऱ्या कोनीचा असता तं बरं होतं," ती भिंतीला म्हणाली.

"काहून?"

"जाय आता. ऊन चढून राह्यलं."

गावाखालच्या उतारावर पाय भाजत होते. सोयाबीनचं रान उघडं पडलेलं, ढेकळांना भेगा. डोक्यावर चेपलेला गुंड, हातात ताट, ताटात हळदकुंकू, घुगऱ्यांची वाटी, खांद्यावर दोर. चालताना खालचे टाके ओढत होते. ती पावलं जवळ जवळ टाकत गेली.

विहिरीभोवती अकरा गुंड ओळीने मांडलेले होते, प्रत्येकात वाऱ्याने पडू नये म्हणून गोटा. बायका बाभळीच्या विरळ सावलीत. सगळ्यांत पुढं भागिरथा, पंचावन्नची, उंच, काडीसारखी, काठावरच बसलेली. पहाटे पाचपासून ती अशी बसली होती. खाली कुंडीत झऱ्याचं पाणी जमत होतं. आतापर्यंत गुंडभर, फार तर सव्वा गुंड. तेवढं तिचं.

"आली रुख्मीची सून," भुरीबाई हळूच म्हणाली, आणि दुसरीकडं पाहू लागली. कालच्या दोन तांब्यांचं आणि आजच्या दाराचं, दोन्हींचं ओझं तिच्या मानेत दिसत होतं.

"सव्वा महिना लवकर भरला वं तुहा," रुपाबाई म्हणाली. हिचा गुंड दुसरा. "रुख्मिणीबाईच्या घरचं कॅलेंडर फाटलं वाट्टे. आमाले तं एक दिवस अल्याड येऊ नाही दे."

दोघीतिघी हसल्या. सुकलेल्या तोंडांचं ते हसणं लगेच संपलं.

"आत्याबाई पडल्या काल," ज्योत्स्ना म्हणाली.

"पाह्यलं ना. आमीच उचललं. पण झरा आटला तं कोन उचलीन?"

ज्योत्स्ना भागिरथेपुढं जाऊन उभी राहिली. "काकू, पुजून घेऊ का?"

भागिरथेने तिच्याकडं पाहिलं. चेहऱ्याकडं कमी, डोक्यावरच्या गुंडाकडं जास्त.

"रुख्मीचाच गुंड ना हा?"

"हो."

"वळखतो मी ह्याले," भागिरथा म्हणाली. मग सरकून काठावर जागा केली. "मांड गोटे."

ज्योत्स्नाने पाच गोटे मांडले. हळद लावली, कुंकू लावलं. पाणी शिंपडायचं असतं. ते नव्हतं, म्हणून हळद कोरडीच गोट्यांवर बसली आणि वाऱ्याने निम्मी उडाली. घुगऱ्या बायकांच्या हातांवर गेल्या. कुणी घासभर, कुणी चार दाणे. भागिरथेने आपल्या वाट्याच्या घुगऱ्या तोंडात टाकल्या आणि बराच वेळ चघळत राहिली. गव्हातला ओलावा ती चोखून घेते आहे, हे ज्योत्स्नाला दिसलं.

"पदर धरा," भागिरथा म्हणाली.

भुरीबाई आणि आणखी एकीने लुगड्याचा आडोसा धरला. आत दोघीच, ज्योत्स्ना आणि भागिरथा. समोर विहिरीचं काळं तोंड. ज्योत्स्नाने चोळीची बटणं काढली. उन्हात छाती तिला स्वतःचीच वाटेना, मऊ, रिकामी, धुऊन वाळत घातल्यासारखी. तिने वाकून दाबलं.

एक थेंब आला. बोंडाच्या टोकाला लटकला, पांढरटही नाही, निळसर, आणि आत पडला.

"एक," भागिरथा मोठ्याने म्हणाली.

दुसऱ्याला वेळ लागला. ज्योत्स्नाने पोर आठवली, तिचं ते बोट चोखणं. आला.

"दोन."

मग काहीच नाही. तिने बाजू बदलली. दाबलं, पिळलं, नखं लागली. कानात रक्त वाजायला लागलं. दुखणं खांद्यापर्यंत चढलं. बाहेर रुपाबाई खाकरली. आतून बोंड कोरडंच, उन्हात तापलेलं. सांजेला मालेगाव, निकिताचा फोन, विकासचा परवा, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं आणि तिने आणखी जोरात दाबलं. भागिरथेचं तोंड तिच्या छातीपासून वीतभर अंतरावर होतं. त्या म्हाताऱ्या डोळ्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं.

आता ती म्हणेल, दोनच. मग गुंड उचलायचा आणि चालायला लागायचं. भागिरथा आपला भरणा घेईल, पहाटे पाचपासूनचा. त्यात तिची चूक ती काय?

"तीन," भागिरथा म्हणाली.

ज्योत्स्नाचे हात जागच्या जागी राहिले. काहीच पडलं नव्हतं.

भागिरथा विहिरीत पाहत होती. थोडं थांबून, थेंब जमायला लागतो तेवढा वेळ जाऊ देऊन, ती म्हणाली, "चार."

बाहेर कुणीतरी नाक ओढलं. एक होला बाभळीवरून उडाला.

"पाच. झालं. झाक आंग."

आडोसा खाली आला. रुपाबाई पुढं झाली. "पडले का पाचई?"

"म्या मोजले ना. कान गेले का तुहे?"

"तसं नाही वं, मी म्हटलं—"

"तुहा गुंड दुसरा हाय. दुसऱ्यावरच राह्य." भागिरथेने स्वतःच्या गुंडातला गोटा काढला, उलटसुलट करून पाहिला आणि परत आत टाकला. ठणकन आवाज झाला. "उतर वं पोरी. पहिला भरणा तुहा."

विहिरीला दगडात बसवलेले पायटे होते. ज्योत्स्ना पाठ करून, पोट भिंतीला लावून उतरली. पाचव्या पायट्यावर टाक्यांमध्ये काहीतरी चरकन झालं, आणि मांडीवर रक्ताचा ऊनऊन ओघळ आला. ती थांबली नाही. तळाशी गारवा होता. शेवाळाचा वास, आणि कपारीतून सुतळीएवढं पाणी, आवाजसुद्धा न करणारं. कुंडीत तळाचा गाळ दिसत होता. तिने घुगऱ्यांची रिकामी वाटी अलगद बुडवली, गाळ ढवळू नये म्हणून, आणि तोंडाला लावली.

पहिली वाटी घशातून गेलीच नाही जणू, जिभेतच मुरली. दुसरी गेली. तिसरी पिताना तिला वर अकरा गुंड आठवले आणि ती थांबली. मग पोटभर हा शब्द आठवला. ती आणखी दोन वाट्या प्यायली, मातीसकट.

गुंड भरायला दीडशेवर वाट्या लागल्या. दोराने गुंड वर गेला. वर ओढणारी भागिरथाच होती. ज्योत्स्ना चढून आली तेव्हा तिच्या लुगड्याच्या मागच्या काठाला लाल डाग होता. भागिरथेने तो पाहिला. तिने ज्योत्स्नाच्याच पदराची चुंबळ करून तिच्या डोक्यावर ठेवली आणि गुंड चढवून दिला. स्वतःचा गुंड तसाच रांगेत पहिला, गोट्यासकट. कुंडीत आता वाटी-दोन वाट्या उरल्या होत्या. पुन्हा भरायला संध्याकाळ होणार होती.

"काकू," ज्योत्स्ना म्हणाली.

"तुह्या सासूले सांगजो," भागिरथा म्हणाली. "भागीले पाचपावतर मोजता येते."

घरी आली तेव्हा पोर झोपल्यासारखी पडली होती. रुख्मिणीचं बोट अजून तिच्या तोंडात. ज्योत्स्नाने गुंड उतरवला, पाणी फडक्यातून गाळलं, पेला भरून सासूपुढं धरला.

"पडले का?" रुख्मिणीने विचारलं.

"पडले."

"पाच?"

"भागिरथाकाकूनं मोजले." मग ती म्हणाली, "त्याईनं सांगतलं, भागीले पाचपावतर मोजता येते म्हना."

रुख्मिणीने पेला घेतला होता तो तसाच हातात राहिला. पाणी हलत होतं.

"किती पडले तुहे?" ती हळू म्हणाली. "खरं सांग."

"दोन."

बाहेर नळाला बांधलेली शेळी ओरडली. रुख्मिणीने पेला बाजेच्या कडेला टेकवला.

"भागीचे पाच पडले होते," ती म्हणाली. "तिच्या पहिल्या पोराच्या वक्ती. असाच सुका साल. माहा गुंड पहिला होता, रातपासून बसली होती मी. घरी विकास अंगावर पेता. तिचे पाचई पडले. टपटप पडले, भरली बाई होती. म्या चार सांगतले."

ज्योत्स्नाने ओलं फडकं गुंडाच्या तोंडावर टाकलं.

"रिकामा गुंड घेऊन गेली. नाल्यावर गेली दोन कोस, रेतीत झिरा उकराले. सव्वा महिन्याची बाळंतीण. मी माहा भरणा घेऊन घरी आली." तिने ओठ ओले केले. "तवापासून विहिरीवर मले रामराम घालते ती. एक दिवस चुकली नाही."

पेला तिने तोंडापर्यंत नेला, खाली घेतला. परत नेला. मग प्यायली, सगळा, शेवटच्या गाळापर्यंत. प्यायल्यावर तिने तोंड पुसलं नाही.

"तिच्यावर येईन उद्या झरा आटला तं," ती म्हणाली. "भागीवर. लोक म्हनतीन, मोजलं खोटं."

"आटला तं."

"हो. आटला तं." तिने आंधळ्यासारखा हात लांबवून पोरीच्या लंगोटीखाली घातला, चाचपला, आणि तसाच ठेवला. "कोरडीच हाय अजून. पाज तिले."

ज्योत्स्ना स्वतः एक पेला पाणी प्यायली, उभ्यानेच. मग भिंतीला टेकून बसली. टाके ठणकत होते. पोरीला उचलून छातीला लावलं. पोरीने तोंड उघडलं, बोंड धरलं, ओढलं, सोडलं. ज्योत्स्नाने बोटाने तिची हनुवटी हलवली. पोरीने पुन्हा धरलं.

ऊन उंबऱ्यावरून ओट्यावर उतरत होतं. सासू-सून दोघी मान वाकवून ऐकत होत्या, नुसतं तोंड वाजतं, की घोट जातो.